करारनाम्यावरचे अंगठे

हिंगोलीच्या त्या खटल्याची आठवण निघाली की आजही माझा आवाज आपोआप खाली येतो.

निजामी अमलाची ती शेवटची वर्षं. मी ठाण्याचा अमीन, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार होतो. गावातल्या एका जिनिंग कारखान्याने कामगारांची मजुरी कापली. कामगार मुन्सफ कोर्टात गेले, तेव्हा मालकाने करारनामा हजर केला. मजुरी कमी करायला आम्ही राजी आहोत, असा मजकूर आणि खाली सगळ्यांचे अंगठे. हा कागद आम्ही पाहिलेलाच नाही, असं कामगारांचं म्हणणं. कोर्टाने तपास माझ्याकडे दिला.

कामगारांचे कैवारी म्हणवणारे एक पुढारी ठाण्यात आले. "अमीनसाहेब, गरीब माणसं आहेत. तडजोड करा, कशाला त्यांना तकलीफ?" मला ते पटलंही होतं.

दोन दिवसांनी स्टँपविक्रेत्याने खबर दिली, की करारनाम्याचा स्टँपपेपर याच पुढाऱ्यांच्या कारकुनाने नेला होता. कारकुनाला बोलावलं. खोटं बोलणाऱ्याला मी आधी मनसोक्त बोलू देत असे. तो म्हणाला, "समद्यांनी माझ्यासमोर अंगठे लावले."

मग मी जिनवर काम करणाऱ्या एका चाळिशीच्या बाईला आत बोलावलं. तिने आपल्या नावापुढचा ठसा पाहिला.

"ह्यो माझा न्हाई, साहेब. मी अंगठा लावतच न्हाई."

"काहून?"

"मला नाव लिहिता येतंय."

कारखान्याचं हजेरीबुक मागवलं. दर आठवड्याला तिची सही होती, वाकडी पण ठसठशीत. मग कारकुनाने सगळं कबूल केलं. ठसे त्याच्या घरच्या माणसांचे होते, आणि पुढाऱ्यांची कारखान्यात छुपी भागी होती. झडतीत भागीचा कागदही मिळाला.

निकालाच्या दिवशी पुढारी पहिल्या बाकावर बसले होते. मुन्सफांशी त्यांचा घरोबा, त्यामुळे कुणालाच आशा नव्हती. मुन्सफांनी बाईला कोरा कागद दिला. तिने हात पदराला पुसला आणि सावकाश नाव लिहिलं. भरल्या कोर्टात टाकाची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. मुन्सफांनी करारनामा खोटा ठरवला, कापलेली मजुरी द्यायला लावली आणि पुढाऱ्यांवर बनावट दस्ताचा गुन्हा नोंदवायचा हुकूम दिला.

बाहेर मी तिला विचारलं, "कुठं शिकलात?"

"लेकीच्या पाटीवर. ती गिरवून राहिली होती, मी बघून राहिले होते."

तोवर मी शेकडो जबाबांवर अंगठे घेतले होते, शाई स्वतःच पुढे करून. सही येते का, हे एकालाही विचारलं नव्हतं. पुढे निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येकासमोर आधी टाक ठेवला. तो इतक्या जणांनी उचलला, याचं मला अजून नवल वाटतं.