अकराचे चार

चार्टवरचा आकडा मी बदलला होता. ही गोष्ट सांगताना अजूनही माझी जीभ अडखळते, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकते.

मी आगाशीजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. नववीतली माझी एक विद्यार्थिनी अर्नाळ्याहून बसने यायची. तिची आई मासळी विकते. विज्ञान प्रदर्शनासाठी तिने आसपासच्या सहा विहिरींच्या पाण्यातलं मीठ मोजायचं ठरवलं. पाण्यात थोडं पिवळं रसायन घालायचं आणि वरून ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या खुणा आणि तोटी असलेल्या काचेच्या नळीतून, सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब सोडायचं. पिवळ्याचं विटकरी झालं की थांबायचं. सिल्व्हर नायट्रेट जितकं जास्त लागेल, तितकं पाण्यात मीठ जास्त. दिवाळीनंतर महिनाभर ती शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत थांबायची. बोटांवर त्या रसायनाचे काळे डाग पडले, त्यावरून घरी बोलणी खाल्ली.

पाच विहिरींना चार-चार, पाच-पाच मिलिलिटर लागलं. सहावी विहीर तिच्याच वस्तीतली. तिला सगळे गोडी विहीर म्हणतात. तिला लागलं अकरा. तिची आई शाळेत आली होती, ती ऐकताच फणकारली, "आमचं पानी गोडच हाय. जन्मभर पितोय आमी." मलाही ते पटलं. पोरीने कुठेतरी घोळ घातला असणार.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ती घरी गेल्यावर मी व्हाइटनर काढला आणि अकराचे चार केले. परीक्षकांसमोर तिचं हसं होऊ नये म्हणून, अशी मी स्वतःची समजूत घातली. चांगुलपणाचा आव आणला की हात कापत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

तालुक्याचं प्रदर्शन विरार पूर्वेला होतं. आमच्या गटातून एकच प्रकल्प जिल्ह्याला जाणार होता आणि या पोरीने त्यासाठी जिवाचं रान केलं होतं. सकाळी चार्ट टांगताना ती शेवटच्या ओळीपाशी थांबली. मग माझ्याकडे पाहिलं. मी स्टँडचा स्क्रू आवळत राहिले, तो आधीच घट्ट होता.

परीक्षक आले. घाईत होते, आधीच्या दोन टेबलांवर त्यांनी कुणाला दोन वाक्यं धड बोलू दिली नव्हती.

"सहा नंबरच्या विहिरीचं किती?"

"अकरा पूर्णांक दोन, सर," ती हातातल्या वहीत बघून म्हणाली.

"चार्टवर तर चार लिहिलंय."

"वहीतलं बरोबर आहे, सर."

"मग चार्ट कोणी लिहिला?"

एक शब्द बोलली असती, ‘बाईंनी’, तर सुटली असती. ती खाली मान घालून उभी राहिली आणि परीक्षकांनी गुणांच्या कागदावर पेन टेकवलं. शेजारच्या टेबलावरच्या शिक्षिका आमच्याकडेच बघत होत्या. त्यातल्या दोघी मला वर्षानुवर्षं ओळखतात.

"सर, तो आकडा मी बदलला," मी म्हटलं. "तिने मोजलेले अकराच आहेत."

परीक्षकांनी मला खालपासून वर न्याहाळलं. मग तिला म्हणाले, "बाटलीत त्या विहिरीचं पाणी आहे ना? करून दाखव."

तिने पाणी मोजून घेतलं, पिवळं रसायन घातलं, ब्युरेटची तोटी सोडली. खोटं कशाला बोलू, मनातल्या मनात मी रंग चारलाच फिरावा म्हणून डोळे लावून बसले होते. तो चारला फिरला असता तर माझी अब्रू वाचली असती आणि ती पोर सगळ्यांदेखत खोटी पडली असती. हे कळत असूनही मी तेच मागत होते.

चार गेले. पाणी पिवळंच. सहा. आठ. नऊला एक लाल थेंब दिसला, फिरला आणि नाहीसा झाला. आता परीक्षकही वाकून बघत होते. अकराच्या जरा पुढे सगळं पाणी विटकरी झालं आणि तसंच राहिलं. तिने तोटी बंद केली.

"असं का असेल?" परीक्षकांनी विचारलं.

"तिथे दिवसभर मोटर चालते, सर, टँकर भरतात. खालून खारं पाणी चढत असेल. जिभेला अजून कळत नाही एवढंच."

त्यांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. जाताना माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, तयारी चांगली करून घेतलीत." तिला एका शब्दाने शाबासकी नाही. मला भूमी दुभंगावी असं झालं.

तिचा प्रकल्प जिल्ह्यासाठी निवडला गेला. परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी, मी शेजारी. मग तिने विचारलं, "बाई, तुम्ही मला पुन्हा मोज असं का नाही म्हणालात?"

आदल्या वर्षी एका मुलाचा आकडा असाच वेडावाकडा आला होता. त्याला मी म्हटलं होतं, पुन्हा मोज, तुझंच बरोबर निघेल कदाचित. त्याने तीनदा मोजेपर्यंत मी थांबले होते. मी, जिला कॉलेजात मुलं प्रयोग करत असताना कायम वही लिहायला बसवलं जायचं.

"मला वाटलं, तुला जमलं नसेल," मी म्हटलं.

तिने मान हलवली. "तुम्हाला तसं वाटतं हे मला माहीत होतं, बाई."