उशीवरचं मशीन

श्वासाच्या मशीनवर संशोधन चालू होतं. पेशंटकडून परत आलेली मशिनं तपासणं माझं काम. देवरीकडचा तो म्हातारा एकदाच आला. बायको जाऊन महिना झाला होता. तिचं मशीन त्याने तिच्याच लुगड्यात बांधून आणलं होतं. नळी तेवढी बाहेर ठेवली होती, गुदमरू नये म्हणून.

मशीनमधलं नोंदींचं कार्ड काढून संगणकाला लावलं, तर कालपर्यंतचे श्वास नोंदलेले.

"बाबा, मास्क कोण लावत होतं?"

"कोणीच नाही. चालू करून तिच्या उशीवर ठेवत होतो."

मी म्हटलं, मशीनची चूक असेल. तो नळी कुरवाळत राहिला.

"ते राहू द्या बाई. सुधरून राहिली का, तेवढं सांगा."

मी आलेख पुन्हा पाहिला. सुधारत होती.