गाडी कुणाच्या नावावर

सेंग माझ्या समोरच्या गाळ्यात बसते. आमच्या मध्ये चियांग माईच्या फुलबाजाराची अरुंद वाट, कायम ओली आणि पाकळ्यांनी भरलेली. मी डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज भाजून विकतो, ती मोगऱ्याचे हार ओवते. हातभर लांब सुई, मांडीवर ओलं फडकं. हार ओवताना ती हाताकडे बघत नाही, माझ्या शेगडीकडे बघते. एखादा तुकडा करपायला लागला की मला कळायच्या आधी तिला कळतं आणि ती तिथूनच "काका, उलटा" म्हणते. माझी बायकोसुद्धा मला इतकं टोकत नाही.

सेंग शान जमातीची, डोंगरापलीकडच्या ब्रह्मदेशातली, म्हणजे सरकारी भाषेत परदेशी. इथे तिची इतकी वर्षं गेली की ती आमच्यासारखाच चिकट भाताचा गोळा करून चटणीत बुडवते आणि आमच्यासारखीच महागाईवर कुरकुरते. फरक इतकाच की तिचं कार्ड वेगळं आहे, आणि रस्त्यात पोलीस दिसले की तिचं बोलणं बंद होतं.

फुलांचा गाळा सीनुआनचा. सीनुआन माझ्याच वयाची, विधवा, तोंडाने फटकळ, आणि आपण म्हणू ती पूर्व दिशा मानणारी. गाळ्याच्या वरच्या एका खोलीत तिने सेंगला राहायला दिलंय; सेंगचा नवरा बाहेरगावी बांधकामावर असतो. सेंग तिला आई म्हणते. आमच्याकडे कामाची माणसं मालकिणीला आईच म्हणतात, त्यात विशेष काही नाही. पण सेंग तापाने पडली होती तेव्हा दुखऱ्या गुडघ्यांनी पेजेचं भांडं घेऊन जिना चढणारी सीनुआन मी पाहिली आहे. ते मात्र सगळ्याच मालकिणी करत नाहीत.

शहरात येण्याआधी सेंग एका लिचीच्या बागेत कामाला होती. तिथे पोटाला चिमटा काढून तिने जुनी मोटरसायकल घेतली. नाव बागमालकाचं लावलं, कारण सगळे तसंच करतात. कागदांची धावपळ वाचते, विकणाराही खूश असतो. पुढे मालकाशी बिनसलं आणि ती निघाली, तेव्हा तो म्हणाला, कागदावर नाव कुणाचं आहे ते बघ आणि मग गाडीला हात लाव. ती भाजीच्या ट्रकात बसून शहरात आली. ही गोष्ट आमच्या वाटेवर सगळ्यांना माहीत आहे. मी त्या बागमालकाला कधी पाहिलेलं नाही, तरी त्याची आठवण झाली की माझं डोकं फिरतं.

यंदा सेंगने नवी गाडी घ्यायचं ठरवलं. पुलापलीकडच्या शोरूममध्ये काचेआड एक लाल गाडी उभी होती. देवळांत हार पोचवून परतताना ती रोज तिथे थांबायची आणि काचेला नाक लावून उभी राहायची. शेवटी एकदा आत गेली. तिथल्या मुलीने सवयीने विचारलं, नाव कुणाचं घालायचं, मालकिणीचं का? सेंग म्हणाली, माझं.

परदेशी माणसाच्या नावावर गाडी होते, होत नाही असं नाही. पण तो माणूस राहतो कुठे, हे घरमालकाने सहीनिशी लिहून द्यावं लागतं. तो कागद घेऊन परदेशी लोकांच्या कचेरीत जायचं, तिथून शिक्का आणायचा, मग पुढचं सगळं. शोरूमच्या मुलीने आठवडाभर गाडी धरून ठेवायचं कबूल केलं. सेंगची घरमालकीण म्हणजे सीनुआनच. त्यामुळे मला वाटलं, दोन मिनिटांचं काम आहे.

सीनुआनने कागद वाचला आणि वजनकाट्याखाली सरकवून दिला.

"माझ्या नावावर घे की. वरच्या दुसऱ्या खोलीतल्या त्या दोघा भाडेकरूंच्या गाड्या माझ्याच नावावर आहेत. खाल्ल्या का मी?"

"नाही आई."

"मग?"

"मला माझ्या नावावर पाहिजे."

"तोंडाने आई म्हणायचं आणि पोटात विश्वास नाही, असंच ना?"

सेंगने पुढचा हार ओवायला घेतला. सीनुआनला कुणी इतकं लागेलसं बोललं नव्हतं, आणि सेंग तर काही बोललीच नव्हती. मी मध्ये पडलो, म्हटलं, अगं सही करून टाक, तुझं काय जातंय. त्यावर तिने मला माझी डुकरं भाजायला सांगितलं. खरं सांगायचं तर मला दोघींचंही पटत होतं, म्हणून मी दोघींवरही चिडलो होतो. ज्या बाईने कधी कुणाचा दाणा बुडवला नाही, तिला त्या लिचीवाल्याच्या रांगेत उभं केल्यासारखं वाटणारच. आणि एकदा गाडी गेलेल्या बाईने दुसऱ्यांदा कुणाच्या चांगुलपणावर विसंबावं तरी का?

मग अबोला सुरू झाला. तोही माझ्यामार्फत. "झेंडू आला का विचार तिला." "आला म्हणून सांगा, काका." दोघी एकाच गाळ्यात, आणि मी चार पावलांच्या वाटेपलीकडून सॉसेज सोडून यांचे निरोप पोचवत बसलेला. आठवडा संपत आला. कागद काट्याखाली तसाच पडून होता, वर कमळांची जुडी तोलली जात होती. सेंगने त्याच्याकडे बोट दाखवलं नाही की तगादा लावला नाही. ती आता पुलावरून न जाता लांबच्या वाटेने परत यायला लागली, आणि ते बघून मला फार वाईट वाटलं.

अबोला मोडला तो रंगावरून. सीनुआन बुधवारी केस कापत नाही, वार बघितल्याशिवाय नवे कपडे घालत नाही. सेंगवर कितीही रागावली असली, तरी ती कुठल्या रंगाच्या गाडीवर बसून मरणार आहे, हे कळल्याशिवाय तिला राहवेना.

"कुठल्या रंगाची बघितलीय विचार तिला."

"लाल," सेंग म्हणाली.

"आणि जन्मवार?"

सेंगने कार्ड पुढे केलं. जानेवारीची पहिली तारीख. सीनुआनने फोनवर वर्ष शोधलं, तर सोमवार निघाला. आमच्याकडे सोमवारी जन्मलेल्या माणसाला लाल म्हणजे हातपाय मोडून घ्यायचं लक्षण. निरोप्या वगैरे विसरून ती सरळ सेंगवरच ओरडली.

सेंग हसली. कितीतरी दिवसांनी हसली. म्हणाली, "आई, त्या तारखेला डोंगर ओलांडून आलेला आमचा अख्खा ट्रक जन्मला. कार्ड करणाऱ्या साहेबाने तारीख विचारली, कुणालाच सांगता येईना, त्याने सगळ्यांना तीच घातली. माझा नवरापण त्याच दिवशीचा, आणि त्याचा म्हातारा काकापण."

"मग खरा वार कुठला?"

"कुणाला ठाऊक."

"आईला विचार. आत्ता विचार."

सेंगच्या आईच्या गावात फोन लागला तर लागतो. त्या दिवशी लागला. फुलांच्या टोपलीवर फोन ठेवून सेंगने आवाज मोठा केला. आमची बोली आणि त्यांची बोली मावसबहिणी, त्यामुळे आम्हालाही सगळं कळत होतं. म्हातारी म्हणाली, तू बाजाराच्या दिवशी झालीस. मोहरीचा पाला विकून मी घरी आले आणि कळा सुरू झाल्या. पण त्यांच्याकडे बाजार भरतो दर पाचव्या दिवशी, कधी या वारी, कधी त्या. वार काही तिला सांगता येईना.

सीनुआनने फोन उचलून तोंडाजवळ धरला.

"ताई, मी सीनुआन. सेंग माझ्याकडे असते."

"ओळखलं. तुम्हाला आई म्हणते ना ती? जेवते ना नीट?"

"जेवते. हट्टी आहे फार."

"ती लहानपणापासूनच तशी." दोघी हसल्या. मग म्हातारीने विचारलं, "वार कशाला हवा होता?"

"नवी गाडी घ्यायचीय. रंग जुळतो का बघत होते."

"अगं बाई. तिला चालवायला देणार तुम्ही?" म्हातारीचा आवाज आदबीने खाली आला. "तिला सांगा, जपून चालव. मालकिणीची वस्तू आहे, ओरखडा पडला तर आम्ही काय तोंड दाखवायचं? तशी ती नीट वापरते हो. मागच्या बागवाल्याची गाडी होती ना तिच्याकडे, ती परत देताना धुऊनपुसून दिली म्हणाली."

गाडी गेल्याचं आम्हाला माहीत होतं. आईला तिने काय सांगितलं होतं, ते माहीत नव्हतं. स्वतःची गाडी होती हेच तिने आईला कधी कळू दिलं नव्हतं, म्हणजे ती गेल्याचं दुःखही आईला नको. सेंग मान खाली घालून सुईत दोरा ओवत होती आणि दोरा काही जात नव्हता. शेगडीवर काय करपत होतं, ते त्या दिवशी कुणीच सांगितलं नाही.

पलीकडून म्हातारी "ऐकू येतंय ना?" विचारत होती.

"येतंय, ताई," सीनुआन म्हणाली. "गाडी माझी नाही. तिची आहे. तिच्या पैशांची, तिच्या नावावर."

"तिच्या नावावर? असं करून देतात?"

"देतात. मी सही केली ना."

मग फोन कट झाला. सीनुआनने तो टोपलीवर ठेवला, काट्यावरची कमळं खाली उतरवली आणि ओला झालेला कागद बाहेर ओढला.

"बघत काय बसलात दोघं?" ती म्हणाली. "पेन द्या लवकर. तिच्या आईशी खोटं बोलले मी."