निळा एमरिख

ऱ्हाइनकाठच्या त्या रंगाच्या कारखान्यात निळे ओठ पाहून कुणी दचकत नसे. एमरिख रेबहोल्त्स आणि मी एकाच हंड्यावर होतो. कडू बदामासारख्या वासाचं नायट्रोबेंझिन, लोखंडाचा कीस, थोडं आम्ल एवढं हंड्यात टाकायचं, वाफ सोडायची आणि ढवळत राहायचं. लोखंड त्यातला प्राणवायू ओढून घेई आणि स्वतः काळा चिखल होऊन तळाशी बसे. मग वाफेबरोबर ॲनिलिन, म्हणजे रंगांचा कच्चा माल, बाहेर येई. त्या जातीच्या सगळ्याच रसायनांना साहेब लोक अमाइन म्हणत. ॲनिलिन कातडीतून आत शिरे. दुपारपर्यंत ओठ निळे पडत, डोकं हलकं होई.

"आज कसा दिसतोय रे मी?" एमरिख विचारायचा.

"आलुबुखार चोरून खाल्ल्यासारखा."

उन्हाळ्यातल्या एका सकाळी नळाचा सांधा सुटला आणि एमरिख छातीपासून पायापर्यंत ॲनिलिननं भिजला. त्यानं तोंड पुसलं आणि हसत पुन्हा कामाला लागला. जेवणाच्या सुट्टीत तो पायऱ्यांवरच कोसळला. ओठ काळे, नखं पाटीसारखी. मुकादम किलिआननं घड्याळाची काच त्याच्या नाकाशी धरली. काचेवर वाफ धरली नाही.

"गेला," किलिआन म्हणाला.

डॉक्टर दुसऱ्या गावी गेले होते. आम्ही त्याला घरी नेऊन टेबलावर ठेवलं. सुतार येऊन माप घेऊन गेला. चर्चमध्ये घंटा झाली. माणसं येत होती, चार शब्द बोलून बाजूला उभी राहत होती. किलिआन माझ्या कानाशी म्हणाला, "हंड्यावर माझ्या मेव्हण्याला घेतो आता. हा तसाही फार बडबड करायचा."

एमरिखची बायको ओटिली रडत नव्हती. ती म्हणाली, "ह्या घाणेरड्या कपड्यांत मी याला पुरणार नाही. बाहेर व्हा सगळे. तू थांब, उचलायला लागेल."

मी थांबलो. कपडे कापून काढले. थंड पाणी आणि साबण घेऊन ती त्याला घासत राहिली, केसांपासून तळव्यांपर्यंत, पुन्हा पुन्हा. खिडकीतून ऊन थेट त्याच्या अंगावर पडलं होतं आणि त्या उजेडात तो माणसाच्या रंगाचा वाटतच नव्हता.

तिनं त्याचा हात धुवायला उचलला. त्या हाताची बोटं तिच्या मनगटाभोवती मिटली.

ती ओरडली नाही. मला म्हणाली, "दार उघड."

संध्याकाळी डॉक्टर आले. त्याचं बोट टोचलं, तर रक्त चॉकलेटसारखं तपकिरी. "कपडे अंगावर राहिले असते तर हा उठला नसता," ते म्हणाले.

एमरिख वाचला. पण पलंगावर उठून बसल्यावर तो पहिलं बोलला, ते टेबलावर पडल्यापडल्या ऐकलेलं. सुतारानं मोजताना पुटपुटलेले आकडे, शेजारणीनं मागितलेला त्याचा कोट, मेव्हण्याची गोष्ट, सगळं त्यानं ओळीनं सांगितलं. आवाजात राग नव्हता. "ओरडायचं होतं मला," तो म्हणाला. "जीभ माझी नव्हती."

तो परत हंड्यावर आला. मस्करी मात्र गेली. गावात तो समोरून आला की लोक बोलणं थांबवत. किलिआन त्याच्याशी बोलताना जमिनीकडे बघे. मी त्याच्याशेजारी ढवळत असे, आणि तो डोळे मिटून उभा राहिला की मला हाक मारावीशी वाटे. मारली की तो म्हणे, "ऐकतोय मी."

बऱ्याच वर्षांनी त्याला मूत्राशयाचा रोग झाला. आमच्यातल्या कितीतरी जणांना झाला. हिवाळ्यात तो खरोखर गेला. डॉक्टरांनी सांगितलं, धर्मगुरूंनी सांगितलं, पण ओटिली शवपेटीचं झाकण लावू देईना. ती त्याच्या उशाशी बसून दिवसभर साध्या गोष्टी सांगत होती. कोंबडी खुडूक झालीय, नदी गोठलीय. आम्ही खोलीत भिंतीला टेकून उभे होतो, आणि एकाचीही बोलायची छाती होत नव्हती.

शेवटी चौथ्या दिवशी वास यायला लागला. तेव्हा तिनं स्वतःच झाकण पुढे ओढलं.