ताईचे आणि माझे दात

आमच्या घरात ताई गोरी आणि मी सावळी. आत्या पाहुण्यांसमोर माझी ओळख करून देताना न चुकता म्हणायची, "रंग वडिलांवर गेलाय, पण दात बघा हिचे!" मग मला हसून दाखवावं लागे. ताईला मात्र तिने बजावून ठेवलं होतं, "तू ओठ मिटून हस. तुझे पिवळे दिसतात." ताईला बघायला आले तेव्हाही ती तशीच बसली. पसंत पडली, पण तोंडावर हात धरायची सवय साठीला आली तरी सुटलेली नाही. मला स्वतःच्या रंगाचं कधी काही वाटलं नाही, असं मी सांगत आलेय. ते खोटं आहे. वाटायचं. पण दात होते.

मागच्या वर्षी डोंबिवलीत घरी चिक्की खाताना माझा पुढचा दात तुटला. ताईची माजिवड्याची दातांची डॉक्टर चांगली, म्हणून तिच्याकडेच गेले. मुलगी तरुण, गोरीपान. कॅपसाठी तिने रंगांचे नमुने लावलेली पट्टी काढली, एकेक नमुना माझ्या दाताशेजारी धरून पाहिला आणि एक निवडला. तो चक्क पिवळट होता.

"नीट बघा," मी म्हटलं. "माझे दात पांढरेशुभ्र आहेत."

"सगळे असंच म्हणतात, काकू." तिने माझ्या हातात आरसा दिला. तोच नमुना माझ्या गालाला लावला, तर पांढरा. स्वतःच्या गालाला लावला, तर पिवळा. "त्वचेच्या रंगाचा आणि दातांचा संबंध नसतो. सावळ्या चेहऱ्यावर उठून दिसतात, एवढंच. तुमच्या ताईंच्या कॅपलाही हीच शेड दिलीय मी."

मला राग आला. कोणाचा, ते कळेना. आत्या तर कधीच गेली.

संध्याकाळी ताईचा फोन. "मिळाली का गं तुझ्या दातांसारखी पांढरी कॅप?"

"मिळाली," मी म्हटलं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते मी तीन आठवडे सांगितलं नाही. तिच्याकडे नाही आणि माझ्याकडे आहे, अशी ती एकच गोष्ट होती.

मग तिच्या मुलाचा साखरपुडा झाला. फोटोग्राफर म्हणाला, "आई, जरा मोठं स्माइल द्या ना." ताईचा हात तोंडावर गेला. स्वतःच्या मुलाच्या साखरपुड्यात! मला ते बघवेना. मी तिच्या कानाशी लागून सगळं सांगून टाकलं.

"दोघींचे सेम?"

"सेम."

"तुला कधी कळलं?"

"तीन आठवडे झाले."

तिने हात खाली घेतला.

तो फोटो आता तिच्या हॉलमध्ये लावलाय. त्यात ताईचे दात स्पष्ट दिसतात, कारण ती हसत नाहीये, मला झापतेय. मी शेजारी तोंड मिटून उभी आहे.