जमिनीवर बसून वाचणारा

मॉरिशसमधल्या पोर्ट लुईच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी बातमीच्या कामासाठी जुने अंक चाळायला जात असे. शमें ग्रेनिए गावाहून बसने येणारा एक विद्यार्थी तिथे रोज दिसे. चपला काढून, कपाटाला पाठ लावून तो जमिनीवर वाचत बसायचा. नाव मी विचारलं नाही. खाली का बसतोस, एवढंच विचारलं.

"मला फिट येते, भाऊ," तो मराठीत हळूच म्हणाला. "खाली बसलं की पडायची भीती नाही. इथे कुणाला सांगू नका, काढून टाकतील."

एका सकाळी ग्रंथपालांनी त्याला पाहिलं. तेही आपल्यातलेच, मराठी.

"ए गार्सों, ए पोरा, भजनाला बसलास काय? खुर्च्या कशाला आहेत?"

मुलं हसली. मी बोलणार, तोच त्याने मला मानेनेच नको म्हटलं आणि तो खुर्चीवर जाऊन बसला.

थोड्या वेळाने खुर्ची उलटली. फरशीवर त्याचं अंग झटके देत होतं, कपाळातून रक्त येत होतं. ग्रंथपाल जागीच थिजले.

शुद्धीवर आल्यावर त्याने पाणी मागितलं नाही. माझी बाही धरून विचारलं, "कोणी कोणी पाहिलं?"

मी मान वर केली. सगळं ग्रंथालय आमच्याभोवती उभं होतं.