बाहेरचं

छत्तीसगड वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, आणि वनमालाच्या सरकारी ऑफिसात टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले. एका दुपारी पडद्यावरची अर्धी अक्षरं तिला दिसेनाशी झाली. डोळ्यांपुढे नागमोडी उजेड लकाकू लागला, आणि मग अर्धं डोकं असं ठणकलं की तिला ओकारी झाली.

हे तिनं पाहिलं होतं. ती लहान असताना, वडील अभनपूरला रेल्वेत होते तेव्हा, आई अशीच अंधाऱ्या खोलीत पडून कण्हायची. "उजेड नाचून राहिला," म्हणायची. शेजारपाजारचे म्हणाले, बाहेरचं आहे. झाडफूक करणारा बैगा आला. त्यानं कोंडून मिरच्यांची धुरी दिली, कडुनिंबाच्या फोकानं आईला झोडपलं. त्यानंतर आईनं डोक्याचं नाव काढलं नाही.

ते आता आपल्याकडे आलं, असं वनमालाला वाटलं. तिनं घरी कोणाला सांगितलं नाही. गुपचूप रोज दुखण्याच्या गोळ्या गिळायची. ठणका वाढतच गेला. न्हाणीत भिंतीला कपाळ टेकून उभी असलेली ती नवऱ्याला दिसली, तेव्हा अनंतराव तिला समता कॉलनीतल्या डॉक्टर मीरांकडे घेऊन गेले.

"माइग्रेन है," डॉक्टर म्हणाल्या. "रोज की गोली से और बढ़ता है। घर में किसी को था?"

"आईले," वनमाला म्हणाली.

रोजच्या गोळ्या सुटल्या. ते दिवस फार वाईट गेले. दुखणं उठू नये म्हणून डॉक्टरांनी वेगळं औषध दिलं. तिनं उपास सोडले, जेवणाच्या-झोपेच्या वेळा सांभाळल्या. उजेड नाचू लागला की डॉक्टरांनी दिलेली गोळी लगेच घेऊन पडून राहायची. हळूहळू दुखणं विरळ झालं.

मग ती अभनपूरला गेली. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई भावाकडे राहायची. ती तांदूळ निवडत बसली होती.

"आई, तुले बाहेरचं नव्हतं. आजार होता तो. मलेबी आहे. औषध असते त्याले."

आईचा हात सुपात थांबला. "मंग मले काहून मारलं?"

वनमाला तिच्यासमोर खाली बसली.

"तुह्या बापानं माहे हात धरले होते," आई म्हणाली, आणि खडे वेचू लागली.

अजूनही कधीतरी दुखणं येतं. अनंतराव खिडक्या लावून घेतात, ओली पट्टी घेऊन हलक्या पावलानं जवळ येतात. त्यांचा हात लागला की वनमाला दचकते. त्यांना ती कारण सांगत नाही.